ते मशीन, ती मशीन

बटणबाईंना खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. दुकानात त्यांच्यासाठी एक खुर्ची होती, काचेच्या दाराशी, बरोबर पंख्याखाली. तिच्यावर बसायची ती त्यांची पिशवी. बाई उभ्या. आणि उभ्या तरी कसल्या, पायाला भिंगरी. एकदा फ्रिजचं दार उघडून लावतील, एकदा शोकेसवर फडकं मारतील, एकदा उगाच रस्त्यावर डोकावून येतील. "बसा की घटकाभर," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "घरी नवरा आहे बसायला. एका घरात एकानं बसलेलं पुरे."

त्यांचं काम लोकांच्या घरी जाऊन नवी वस्तू चालवायला शिकवण्याचं. दुकानाच्या भाषेत डेमो. मिक्सर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, जे जे खोक्यातून निघालं आणि घरच्यांना बिचकवून ओट्यावर जाऊन बसलं, त्याच्या पाठोपाठ बाई पोचायच्या. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्या चप्पल दाराबाहेर काढून शिरल्या असतील. लोक त्यांचं खरं नाव विसरले ते ह्याच कामात.

बटणबाई हे नाव पडलं एका घोडचुकीतून.

वॉशिंग मशीन तेव्हा नुकतंच येत होतं. एका वकिलांच्या घरी बाई गेल्या. तरुण होत्या, कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते, आणि जगातली सगळी माणसं आपल्याइतक्याच वेगानं समजून घेतात असा त्यांचा गोड गैरसमज होता. वकिलीणबाई मशीनपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभ्या, जणू आत वाघ आहे. बाईंनी कपडे टाकले, पावडर टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं. "झालं! इतकं सोपं!" चहा घेतला आणि निघाल्या.

पुढच्या धुण्याला दुकानात फोन. "तुमच्या त्या मुलीला पाठवता का, बटण दाबायला?"

मालकांना वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. बाई गेल्या तर कपडे भरलेले, पावडर टाकलेली, झाकण लावलेलं, आणि अख्खं घर मशीनभोवती वाट बघत उभं. बाईंनी दाबलं. त्याच्या पुढच्या धुण्याला पुन्हा फोन. मग पुन्हा.

"तू मशीन विकायला गेली होतीस की त्यांच्याकडे धुण्याला लागायला?" मालक ओरडले.

बाईंनी वकिलीणबाईंना सरळ विचारलं, "अहो, बटणच आहे. तुम्ही का नाही दाबत?"

"तुमच्या हाताला सवय आहे त्याची. माझ्या हातून काही बिनसलं तर? हे कोर्टात जिंकतात आणि घरी येऊन माझ्यावर खटला भरतात."

चूक कुणाची ते बाईंना तिथल्या तिथे कळलं. आपण शिकवायला गेलो आणि आपल्याच हाताची सवय लावून आलो. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला आणि तो कधी मोडला नाही. कुणाच्याही घरी डेमोला उभं राहिलं की दोन्ही हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवून. "बटण तुम्ही दाबायचं." समोरची बाई घाबरो, रडकुंडीला येवो, नवऱ्याला हाका मारो, बाईंचे हात पुढे येणार नाहीत. वकिलीणबाईंना तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे घट्ट मिटून बटण दाबलं, मशीन घुर्र झालं, आणि त्या किंचाळून हसल्या. लहान मुलीसारख्या.

हा नियम दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला संयम म्हटलं असतं. बाईंच्या बाबतीत ती शिक्षा होती. तोंड शांत, हसरं, आणि पाठीमागे बोटांची नुसती कुस्ती. एखाद्या घरी मागे आरसा असला तर यजमानांना ती दिसायची आणि त्यांना वाटायचं बाईंना कसलं तरी दुखणं आहे.

नवराही त्यांना मशीनमुळेच मिळाला. मालकांनी माहितीपत्रक छापायला दिलं होतं आणि मजकूर बाईंचा. छापखान्यात मुद्रितं तपासायला एक किडकिडीत गृहस्थ होते, कानावर पेन्सिल, कपाळावर कायम आठी. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"वर लिहिलंय 'मशीन सुरू करावे'. खाली लिहिलंय 'मशीन बंद करावी'. सुरू होताना नपुंसकलिंगी आणि बंद होताना स्त्रीलिंगी? मधल्या वेळात असं काय झालं?"

बाईंना हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. त्यांनी क्षणभर विचार केला. "ज्यांच्या घरी नाही ना, त्या 'ते' म्हणतात. ज्यांच्या घरी आहे त्या 'ती'."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी सगळ्या विचारतात, 'ते वॉशिंग मशीन का काय ते, कितीला आहे?' घरी गेलं तरी काही दिवस 'ते'च. मग एक दिवस आतून ओरडतात, 'अगं, ती लावलीस का? तिच्यात माझे मोजे गेलेत!' झालं. घरची झाली."

गृहस्थांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "मग छापू काय?"

"'ते' छापा. कागद वाचतो त्याच्या घरी ते अजून 'ते'च असतं. 'ती' झाल्यावर कागद वाचतंय कोण? कपाटात डब्यांखाली अंथरतात."

ते मोठ्यांदा हसले. छापखान्यातले सगळे वळून बघायला लागले, कारण त्यांना हसताना आधी कुणी पाहिलं नव्हतं. पुढे लग्न झालं. त्यात ह्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. चांगलं चाललं. ते बसायचे, ह्या फिरायच्या. त्यांच्या पेन्सिली खिशातून धुण्यात जायच्या, ह्या मशीनमधून तुकडे काढत बोलायच्या, ते वर्तमानपत्रातल्या चुकांवर गोल करत ऐकायचे.

पण छापखान्यात सहज तोंडातून गेलेलं ते वाक्य बाईंना चिकटलं ते चिकटलंच. त्या कान देऊन ऐकायला लागल्या. नवा जिन्नस म्हणजे तान्हं मूल. त्यालाही आपण आधी 'ते बाळ'च म्हणतो, मग अंगाखांद्यावर खेळलं की तो होतो नाहीतर ती होते. मायक्रोवेव्ह आला तेव्हा 'ते मायक्रोवेव्ह का काय'. त्याच्यावर झालर लावलेलं आवरण, वर फुलदाणी. बाई जाऊन बघायच्या. आवरण गेलं, फुलदाणी गेली, वर पावाचं पुडकं आणि अर्धवट पिळलेलं फडकं आलं, आणि कुणीतरी म्हणालं, "त्याच्यात ठेव ना, तो काय करतोय रिकामा!" की बाई समजायच्या, आता ह्या घरात आपलं काम संपलं.

संपलं ह्याचा आनंद व्हायचा, आणि लगोलग तळपायाला खाज सुटायची. आता पुढचं घर कुठलं? पुढचं खोकं कुठलं? त्यांची भाकरी 'ते'वर होती. प्रत्येक 'तो' आणि प्रत्येक 'ती' म्हणजे एक दार बंद.

पूर्वी 'ते'ची 'ती' व्हायला वर्षं जायची. मग महिने. मोबाईल तर आला काय आणि 'तो' झाला काय, बाईंना धड बोलावणंही आलं नाही. लोक एकमेकांकडूनच शिकले, आपापल्या पोरांच्या शिव्या खात. वस्तूच आता स्वतः बोलायला लागल्या होत्या. दार उघडं राहिलं की फ्रिज ओरडायचा. मशीन धुणं झाल्यावर गाणं म्हणायची. बाईंना त्या गाण्याचा मनस्वी राग. "आपणहून सांगतेय, झालं म्हणून! मग मी काय टाळ्या वाजवायच्या?"

थोरले मालक गेले आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. ही मुलगी फ्रॉकमध्ये रिकाम्या खोक्यांत लपायची तेव्हापासून बाईंच्या ओळखीची. मावशी म्हणायची. हुशार, स्वच्छ हिशेबाची, आणि वाईट बातमी सांगताना पाण्याची बाटली पुढे करायची तिची सवय. त्या दुपारी तिनं बाटली पुढे केली.

"तहान नाही. बोल."

"मावशी, गेल्या कितीतरी दिवसांत एकाही डेमोचा फोन नाही. तुम्ही येता, काचा पुसता. काचा पुसायला माणूस आहे आपल्याकडे."

"तो कोपरे सोडतो."

"मावशी."

"बरं. काढतेस का मला?"

"असं कसं बोलता! ऐका तरी. जमीन झाडणारं यंत्र येतंय. थाळीएवढं, आपलं आपण घरभर फिरतं. लोक बिचकणार, मला खात्री आहे. पहिलंच वकिलीणबाईंनी मागवलंय, आज सकाळीच पोचवलंय, गुडघे गेलेत ना त्यांचे. तुम्ही जा. मी तासाभरानं त्यांना फोन करीन. त्या म्हणाल्या की बाई नसत्या आल्या तर जमलं नसतं, तर तुमचं काम चालू. अगदी माझ्या शब्दावर. आणि नाही म्हणाल्या तर..." तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. "तर तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वकिलीणबाई! बाईंचा जीव भांड्यात पडला. बटण दाबायला तीन खेपा लावणारी बाई. बटणाला घाबरली ती चालतंफिरतं यंत्र बघून पलंगावरच चढून बसेल. बाई रस्त्यानं जवळजवळ पळतच निघाल्या. मनात वाक्यं जुळवत होत्या. आधी ते बंद असताना हातात द्यायचं. मग खोलीचं दार लावून एकाच खोलीत सोडायचं. चार खेपा तरी लागतील. पाच धरू. गुडघे दुखतात म्हणजे आणखी एक.

वकिलीणबाईंचं दार उघडंच होतं. जिन्यावर आधाराला कठडा नवा, बाकी घर तेच. आतून आवाज आला, "या या. पाय जपून, तो तिकडेच आलाय."

"कोण?"

"तो हो."

"कोण तो? मांजर आणलंत?"

"अहो तो!" वकिलीणबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि काठीनं खाली दाखवलं. बाईंच्या चपलांपाशी एक काळी थाळी येऊन थबकली, चपलेला नाक लावल्यासारखं केलं, वळली आणि कपाटाच्या दिशेनं चालती झाली. "बघा कसा जातोय. सकाळपासून पलंगाखाली दोनदा जाऊन आला. काय काय काढलंन तिथून! ह्यांची हरवलेली कवळी सोडून सगळं."

बाईंनी हात पाठीमागे घेतले. सवयीनं. "ते सुरू कुणी केलं?"

"मी."

"ते खोक्यातून काढलं कुणी?"

"मीच. आणि 'ते ते' काय करताय? ऐकू जातं त्याला."

बाईंनी बोटं घट्ट आवळली. काहीतरी असणार. काहीतरी राहिलंच असणार. "कचऱ्याचा डबा कसा काढायचा, माहीत आहे?"

"एकदा काढून झटकलासुद्धा."

"केस अडकतात ब्रशात. ते ओढायचे नाहीत, कापायचे असतात."

"कात्री तिथेच ठेवलीय बघा, खिडकीत."

"जिन्याच्या तोंडाशी गेलं तर? खाली पडेल."

"थांबतो तो. कडेला येतो, विचार करतो, मागे फिरतो. आमच्या ह्यांना आयुष्यभर जमलं नाही ते त्याला पहिल्या दिवशी जमलं." आतल्या खोलीत वकीलसाहेब खोकले. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही, पण स्वतःवरचं येतं.

बाई जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. थाळी कपाटाखालून निघाली. तिच्या पाठीवर धुळीचा एक बोळा बसला होता, आणि कुणीतरी, म्हणजे वकिलीणबाईंनीच, चष्म्याची डबी तिच्यावर ठेवून दिली होती. वाहून न्यायला! आवरण नाही, फुलदाणी नाही, काही नाही. सकाळी खोकं फुटलं आणि दुपारी पाठीवर सामान.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चढाच होता.

"कसली? तेव्हा वाटली होती, त्या पहिल्या वेळी. एकदा तुम्ही घालवलीत ना? भीती काय वस्तूगणिक वेगळी असते? बटण ते बटण." वकिलीणबाई खुर्चीत टेकल्या. "बसा ना. का उभ्या?"

तेवढ्यात फोन वाजला. वकिलीणबाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय समजायचं ते समजलं. वकिलाच्या घरात आयुष्य काढलं होतं.

"दुकानातून आहे. मला विचारणार, हो ना? काय सांगू?"

बाई फिरत्या थाळीकडे बघत राहिल्या.

"सांगते की बाईंशिवाय पान हललं नाही. पुढच्या आठवड्यात परत पाठवा म्हणते. माझं काय जातंय? नाहीतरी पूर्वी बोलवतच होते की दर धुण्याला! आपण चहा घेऊ, तो झाडेल."

फोन वाजत होता. बाईंच्या पाठीमागे बोटं एकमेकांत रुतली होती. हो म्हणायचं, बस. नुसतं गप्प राहायचं. वकिलीणबाई छान खोटं बोलतील आणि त्यात कुणाचंही नुकसान नाही. मग परत ह्या जिन्यावर यायचं, हात मागे बांधायचे, आणि जिला सगळं येतं तिला बटण दाबायला सांगायचं. पुन्हा तेच. भरलेलं मशीन, झाकण लावलेलं, आणि सगळं घर थांबलंय, एका बाईचं अडलंय म्हणून. फक्त ह्या वेळी ती बाई आपण.

बाईंनी हात सोडले. त्या नियमानंतर कुणाच्या घरात कधी पुढे न आलेले ते हात पुढे आले आणि त्यांनी फोन सरळ वकिलीणबाईंच्या हातातून काढून घेतला.

"मीच बोलतेय. नाही लागला डेमो... नाही, अजिबात नाही. काय? अगं, त्या त्याला 'तो' म्हणतात... तो! पुल्लिंगी! काय म्हणजे काय? कळायचं नाही तुला, राहू दे. ये म्हणतेस बसायला? कशावर, त्या खुर्चीवर? मी बसलेय का कधी तिच्यावर? पिशवी घेऊन जाईन येऊन. ठेव."

वकिलीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काय बाई तरी तुम्ही! हातची नोकरी घालवलीत."

"चहा नको," बाई म्हणाल्या. आत्ता कुणी विचारलाही नव्हता.

घरी बसणं म्हणजे काय ते बाईंना पुढच्या दिवसांत कळलं. म्हणजे कळलं नाही, कारण त्या बसल्याच नाहीत. त्यांनी डबे धुतले. डब्यांची झाकणं धुतली. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, ती नवऱ्यानं विषयाप्रमाणे लावली, ती ह्यांनी पुन्हा उंचीप्रमाणे लावली. खिडकी उघडली की वाटायचं गार येतंय, लावली की कोंडतंय. फोनची घंटा वाजली की बाई तिथे आधी, आणि तिकडून कुणीतरी नवऱ्याचा मित्र, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाबद्दल हळहळायला.

"जरा टेक," नवरा म्हणाला.

"तुम्ही टेकलाय तेवढं बास आहे."

तो कागदावर गोल करत राहिला. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी पेन्सिल सुटली नव्हती. मग मान वर न करता म्हणाला, "आज तुझं ते मशीन गप्प कसं?"

बाई थांबल्या. हातातलं फडकं खाली आलं.

"काय म्हणालात?"

"मशीन. आज लावलं नाहीस का?"

"'ते' म्हणालात."

"यंत्र नपुंसकलिंगी. त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीनं..."

"व्याकरण गेलं खड्ड्यात! लग्नापासून घरात आहे, तीनदा बदलून झाली, तुमच्या पेन्सिली तिच्या पोटात गेल्या, आणि तुमचं अजून 'ते'? अख्ख्या गावाची 'ती' झाली, आणि माझ्या घरात हे असं!" बाईंना हसावं की ओरडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. "हात लावलाय का कधी तिला?"

नवऱ्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा. पुसली होती, पाहुणे येणार होते तेव्हा. पुसलं होतं."

"उठा."

"आत्ता? हा अग्रलेख..."

"उठा म्हणते ना!"

तो उठला. मशीनपुढे जाऊन उभा राहिला, चार हात लांब, भिंतीला पाठ लावून. बाईंना ती उभं राहण्याची तऱ्हा कुठे पाहिली ते लगेच आठवलं.

"पुढे या. कपडे टाका. आधी खिसे बघा."

त्यानं सदऱ्याचा खिसा चाचपला. पेन्सिल निघाली. तो तिच्याकडे असा बघत राहिला की वाटावं, इतक्या वर्षांचं कोडं सुटलं. मग कपडे टाकले, एकेक, कॉलर वर करून, जणू कुणाला झोपवतोय. पावडर टाकली. झाकण लावलं.

"आता?"

"आता बटण तुम्ही दाबायचं."

बाईंनी हात पाठीमागे घेतले. बोटांत बोटं अडकवली. त्यानं तर्जनी पुढे केली, बटणापाशी नेली, थांबवली.

"हेच ना?"

बाईंनी छताकडे बघितलं.

"म्हणजे दाबल्यावर एकदम..." बोट मागे आलं. "एक मिनिट. तुझं ते माहितीपत्रक असेल ना? मीच तपासलेलं. एकदा नजर टाकतो."

"कपाटात. डब्यांखाली."

"अंथरलंस?" त्याच्या आवाजात दुःख होतं. तो स्वयंपाकघरात गेला. नुकतेच धुऊन रचलेले डबे एकामागून एक खाली उतरवल्याचे आवाज आले. मग शांतता. मग कागदाची सुरसुर.

मशीन भरलेली, झाकण लावलेलं, बटण हाताच्या अंतरावर. एक बोट पुढे केलं की संपलं असतं. बाई उभ्या, आणि पाठीमागे बोटं एकमेकांना नुसती ओरबाडत होती.

"अहो, या ना लवकर!"

"आलो, आलो," आतून आवाज आला. "पहिल्याच ओळीत एक वेलांटी चुकलीय गं. कशी सुटली माझ्या नजरेतून? पेन्सिल कुठे ठेवलीस?"